जाळे कोणी कापावे?

वारकरी सज्जनहो,

गळ्यात माळ पडली, मासळी सुटली. आता समुद्रात काय मरते नि काय जगते, याच्याशी आपला काय संबंध? असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. पण भूतदया म्हणजे केवळ ताटाचा नियम काय? जे आपण खाल्ले नाही, त्याच्या मरणाची चौकशीही करू नये, असे कोणत्या संताने सांगितले? शिवाय यांत्रिक नौकांच्या जाळ्यातली बारीक मासळी वाळवून, दळून कोंबड्यांच्या खाद्यात नि खतात जाते. माळकऱ्याच्या शेतापर्यंत समुद्र असा न बोलावता येतो.

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरची एक हकीकत पाहा. तेथे व्हेल शार्क येतो. आपल्या कोकणातल्या मुशीच्याच कुळातला, पण जगातल्या साऱ्या माशांत मोठा. चाळीस फुटांहूनही लांब वाढतो. देह एवढा, आणि आहार काय, तर पाण्यात तरंगणारे बारीक जीव नि छोटी मासळी! पूर्वी तेथले कोळी त्याच्या यकृताचे तेल लाकडी होड्यांना लावीत. पुढे मांसाला नि परांना परदेशात भाव आला, गरजेच्या जागी हाव बसली, आणि कत्तल सुरू झाली. २००१ साली कायद्याने त्याला संरक्षण मिळाले. पण भर दर्यात कायदा पाहायला कोण जातो?

मग २००४ साली रामकथाकार मोरारीबापूंनी लोकांना समजावले की, हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. लेकीला कोणी मारते काय? लोक तिला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, म्हणू लागले. जे हात मारीत होते, त्याच हातांनी जाळी कापून शेकडो व्हाली सोडल्या. सरकारनेही कापलेल्या जाळ्याची भरपाई देऊ केली.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. जाळे म्हणजे कोळ्याचे शेत, औत नि बैल. ते कापणे म्हणजे त्या दिवसाची चूल विझवणे. आपण घरी बसून ‘जीव वाचवा’ म्हणतो, त्यात आपले काय जाते? नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी ओतली, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. ती दया मोठी का? तर कावड त्यांची स्वतःची होती. दुसऱ्याची कावड ओतायला सांगणे सोपे असते, बाबांनो!

तेव्हा कोळ्याला पापी म्हणून मोकळे होऊ नये. १९८७ साली मालवणचा समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला, तेव्हा स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला. रापण ओढून पोट भरणाऱ्याला, आपलीच भाकरी आधी जाणार, अशी भीती वाटली. ती समजून घेतली पाहिजे. दर्या खरवडणारी मोठी नौका आणि किनाऱ्यावरचा रापणकर यांना एकाच तराजूत घालणे हा न्याय नव्हे. राखीव समुद्राची मनाई आधी हावेवर पडावी, भुकेवर नव्हे.

मनाई मात्र हवीच. बांगडा हजारो अंडी घालतो. मुशी बहुधा वयात उशिरा येते नि तिला पिले थोडी होतात. मारलेली मुशी लवकर भरून निघत नाही. १९७० ते २०१८ या काळात जगाच्या खुल्या समुद्रातील शार्क नि पाकट सुमारे ७१ टक्क्यांनी घटले, असे २०२१ सालच्या एका अभ्यासात दिसले. ज्याने मत्स्यावतार घेतला, त्याचेच हे घर रिकामे होत आहे.

महाराष्ट्र सरकारने २०१८ साली, संरक्षित जीव सोडताना जाळे कापले तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना केली. ती कोळ्याच्या हाती वेळेवर पडावी, म्हणून माळकऱ्याने बोलावे. किनाऱ्यावरच्या गावी कीर्तन झाले, तर जाळे कापणाऱ्याला पुढे बसवून नारळ द्यावा. त्याच्या नव्या जाळ्याला दिंडीने चार पैसे लावावेत.

आपण मासा सोडला तो जिभेवरून. त्याने सोडला तो हातातून. कोणाचा त्याग जड, हे ज्याने त्याने पांडुरंगापुढे उभे राहून ठरवावे.

रामकृष्णहरी.