'डूम' : दैव की निवाडा?



वर्गात इंग्रजीचा धडा चालू असताना 'डूम' हा शब्द आला. मी अर्थ सांगितला : भयंकर दैव, अटळ सर्वनाश. एका मुलाने विचारले, "गुरुजी, पण ते ठरवले कोणी?" मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन मोठा शब्दकोश उघडला.

जुन्या इंग्रजीत हा शब्द 'डोम' असा होता आणि त्याचा अर्थ होता कायदा, निवाडा. नवव्या शतकात आल्फ्रेड राजाने कायद्यांचा ग्रंथ करवला, त्याला 'डोमबोक' म्हणत. पुढे इ. स. १०८६ मध्ये विल्यम राजाने इंग्लंडातील जमीन, नांगर, गुरे यांची मोजदाद करवली. त्या दप्तरातील नोंदीवर अपील नव्हते. म्हणून लोकांनी त्याला ख्रिस्ती धर्मातील अखेरच्या न्यायदिनाचे नाव दिले : 'डूम्सडे बुक'. चौदाव्या शतकापासून 'निवाडा' हा अर्थ 'दैव' या अर्थाकडे सरकत गेला. निवाडा देणारा विसरला गेला, धाक तेवढा उरला.

आपल्याकडे काय झाले? या शब्दाचे मूळ 'ठेवणे, मांडणे' या अर्थाचे आहे. संस्कृतातील 'धा' धातू त्याच कुळातला. त्यापासून 'विधी' झाला. विधी म्हणजे नियम. आणि विधिलिखित म्हणजे कपाळीचा लेख! दोन दूरचे देश, पण शब्दाने वाट एकच धरली.

कोणी म्हणेल, मरण कोणत्या कायद्याने मांडले? कोणत्याच नाही, ते कोणालाही चुकत नाही. पण विहिरीवर पाणी कोणी भरावे, पाटी कोणाच्या हाती द्यावी, हे माणसांनीच ठरवले होते. ते दैव नव्हते, निवाडा होता. आणि निवाड्यावर अपील करता येते.

लक्षात घ्या, 'फ्रीडम' या शब्दाचे शेपूट हाच 'डोम' आहे. आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या 'संविधाना'तही तोच 'धा' आहे. एकाच मुळापासून बेडीही घडते आणि किल्लीही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला सांगितले, "बाळ, ते माणसांनी ठरवले." तुमच्या घरात कोणी "नशिबात होते" म्हणाले, तर एवढेच विचारा : हा नियम कोणी केला?