तिसरी क्लॅरिनेट

पेटी उघडली तेव्हा आधी वास आला. जुन्या मखमलीचा, कॉर्कला लावायच्या ग्रीसचा, बंद राहिलेल्या लाकडाचा. मधे २३ वर्षं गेली होती. पुण्याहून निघून यॉर्कशरमध्ये तीन घरं बदलली. दर वेळी ही पेटी बरोबर आली आणि दर वेळी कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. आता गावातल्या हौशी वादकांच्या बँडला क्लॅरिनेटवाले हवे आहेत. ऑडिशनसाठी मी नाव दिलं आणि तयारीला सहा आठवडे मिळाले.

दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने सगळे पॅड बदलून दिले आणि बजावलं, पहिले दोन आठवडे दिवसाला दहा-पंधरा मिनिटांवर वाजवायचं नाही. क्लॅरिनेटचं लाकूड टांझानिया-मोझांबिककडचं, आपल्या शिसवीच्याच कुळातलं. इतकं घट्ट, की पाण्यात टाकलं तर बुडतं. वर्षानुवर्षं कोरड्या राहिलेल्या या लाकडात एकदम ऊबदार, ओलसर श्वास भरला, तर आतली बाजू फुगते, बाहेरची तशीच राहते आणि चीर जाते. म्हणून लाकडाला श्वासाची सवय पुन्हा थोडी थोडी लावावी लागते. माझ्या ओठांचंही तेच झालं. आठव्या मिनिटाला कडेने हवा सुटायला लागायची.

बोटांचं मात्र नवल वाटलं. पहिल्याच दिवशी ती स्केलमधून सरळ उतरत गेली. कुठली किल्ली कुठल्या करंगळीने दाबायची हे मी आठवायच्या आत त्यांनी दाबलेली असायची. बोटांचा क्रम मेंदूत कुठेतरी खोल नोंदलेला असतो, तो सहजासहजी पुसला जात नाही. ओठांभोवतीचा स्नायू बिचारा स्नायूच. रोज काम दिलं तर बळ धरतो, नाही दिलं तर सोडून देतो. त्यामुळे परत येणाऱ्या वादकात दोन वयं एकत्र नांदतात. माझी बोटं विशीतली होती आणि ओठ नवशिक्याचे. विशीतल्या बोटांचं ऐकून घाई केली, तर नवशिक्या ओठांचं नुकसान होतं. पहिला आठवडा मी ती चूक केली.

मग लांब सुरांकडे आले. लहानपणी मला शिकवणारे मास्तर सैन्याच्या बँडमधून निवृत्त झालेले. ते पहिला अर्धा तास खालच्या पट्टीतले लांब सूर सोडून दुसरं काही वाजवू देत नसत. मला कंटाळा यायचा. गवई पहाटे खर्ज भरतो तो कशासाठी, हे आज कळतं. क्लॅरिनेटच्या या खालच्या पट्टीला अजून ‘शालुमो’ म्हणतात. शालुमो हे आधीचं वाद्य. न्यूरेंबर्गच्या डेनरने १७०० च्या सुमारास त्यातूनच क्लॅरिनेट घडवली. बासरी जोराने फुंकली की तोच सूर वरच्या सप्तकात उमटतो. क्लॅरिनेटची नळी एका टोकाला बंद असल्यासारखी वागते, म्हणून खालचा षड्ज एक सप्तक ओलांडून थेट त्यावरच्या पंचमावर जातो. या दोन पट्ट्यांमधल्या सांध्याला वादक ‘ब्रेक’ म्हणतात. एका सुराला जवळजवळ सगळी बोटं मोकळी असतात आणि पुढच्याच सुराला सगळी भोकं एका क्षणात झाकावी लागतात. एक बोट केसभर हललं की चीत्कार उठतो. रोजच्या सरावातला निम्मा वेळ मी या सांध्यावरच घालवला.

बँडमध्ये क्लॅरिनेटचे तीन भाग असतात. पहिलीकडे धून, दुसरीकडे तिची सावली. तिसरी बहुतेक वेळ खाली, शालुमोत किंवा ब्रेकच्या आसपास रेंगाळते. ती वेगळी कुणाला ऐकू येत नाही. ती थांबली तर वरची धून उघडी पडते. मी तिसरीसाठी अर्ज केला.

आपल्याकडे संगीत म्हटलं की एकटा कलाकार डोळ्यांसमोर येतो, बाकीचे साथीला. मीही तशीच वाढले. ते बदललं संगीतकार गुस्ताव्ह होल्स्टमुळे. या माणसाने संस्कृत शिकून ऋग्वेदातल्या सूक्तांची स्वतः भाषांतरं केली, त्यांना संगीत दिलं, महाभारतातल्या सावित्रीवर ऑपेरा लिहिला. मला तो जवळचा वाटतो तो मात्र आणखी एका कारणाने. हाताच्या दुखण्याने त्याचं पियानोवादक होणं हुकलं आणि कित्येक वर्षं त्याने ऑर्केस्ट्रांत ट्रॉम्बोन वाजवून पोट भरलं. मागच्या रांगेत बसून संगीत कसं ऐकू येतं, हे त्याला अंगाने ठाऊक होतं. १९०९ मध्ये त्याने मिलिटरी बँडसाठी लिहिलेला पहिला ‘स्वीट’ (तुकड्यांची मालिका) खालच्या, जाड आवाजाच्या ट्यूबा-युफोनियमवर सुरू होतो. एक साधी स्वरावली हळूहळू एकेका वाद्याकडे जाते आणि पुढचा सगळा डोलारा तिच्यावरच उभा राहतो. त्यात वाजवणाऱ्या कुणालाच आपण उगाच बसलोय असं वाटू नये, याची काळजी पानापानावर दिसते. तयारीचा तुकडा म्हणून मी त्यातलीच क्लॅरिनेटची ओळ निवडली.

ऑडिशनमध्ये दोन स्केल, तयारीचा तुकडा आणि न पाहिलेलं एक पान वाजवायचं असतं. तिथे एकटीने वाजवायचं. बँडमधलं मुख्य काम मात्र एकटीने करताच येत नाही. लांब सूर धरताना शेजारी-शेजारी बसलेले वादक एकाच वेळी श्वास घेत नाहीत. एक श्वास घेतो तेव्हा दुसऱ्याचा सूर चालू असतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला खंड जाणवत नाही. वारकरी कीर्तनात बुवांचा श्वास संपतो तिथे टाळकरी धृपद उचलतात. ते लहानपणापासून पाहिलं होतं, पण आपणही कधी असं उचलायचं असतं हे मनात आलं नव्हतं. घरी याचा सराव कसा करायचा? तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण लावून मी त्याच्याखाली सूर धरते, तानपुरा ऐकू येईल इतक्याच आवाजात. माझा सूर तानपुऱ्यावर चढला की थांबते आणि पुन्हा सुरू करते. सहा आठवड्यांत सर्वांत अवघड हेच गेलं.

ऑर्केस्ट्रा ‘ए’ला मिळवतात, बँड बी-फ्लॅटला. आपल्याकडची काळी पाच. तानपुरा मी त्याच पट्टीत लावते. पॅड नीट बसलेत, ओठ आता पाऊण तास टिकतात. ऑडिशन मंगळवारी संध्याकाळी साडेसातला आहे.