गार असल्याचा दाखला

खोटं बोलणं पाप आहे हे मला लहानपणीच शिकवलं गेलं. पण आपण खोटं बोलतो आहोत हे ज्याला ठाऊकच नाही, त्याचं पाप कोणाच्या खात्यात नावे टाकायचं, हे काही बी. कॉम.ला नव्हतं. हा प्रश्न मला पडला तो जानेवारीतल्या एका रविवारी, मढला, वाइनच्या फ्रिजपुढे उकिडवा बसलो असताना.

खुलासा करतो. माझा वाइनशी संबंध नाही. नाशिकची द्राक्षं मी द्राक्षं म्हणूनच ओळखतो. फ्रिज होता माझा मेहुणा सांभाळतो त्या बंगल्यातला. मढचे बंगले शूटिंगला भाड्यानं जातात. तिथं सोमवारी लग्न लागतं, मंगळवारी सासू सुनेला घराबाहेर काढते आणि बुधवारी पोलीस येतात. असल्या घराच्या मालकानं वाइनसाठी निराळा फ्रिज आणून ठेवावा, यात नवल नाही. साध्या फ्रिजची थंडी वाइनला सोसत नाही म्हणे. तिला बारा-तेरा अंश मानवतात.

दारावर लाल आकडा होता : १२. सकाळी १२, दुपारी १२, रात्री १२. आणि आतली बाटली मात्र अंघोळीच्या शेवटच्या तांब्याइतकी कोमट.

"भाऊजी, तुम्ही आकड्यांतले. बघा ना जरा."

बँकेच्या माणसाला आकडा दिसणारी प्रत्येक वस्तू दुरुस्त करता येते, अशी सासुरवाडीची समजूत असते. मी पाहिलं. म्हटलं, "बारा आहे."

"हात लावून बघा."

हात लावला. आणि खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, आपल्याला ताप तर नाही? वीस वर्षं मी पडद्यावरच्या आकड्याकडे बघतो आहे. आकडा आणि हात यांत तंटा झाला की मी हाताच्या विरुद्ध साक्ष देतो.

मालाडच्या मेकॅनिकनं आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवलं होतं, की पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर बुडवून रात्रभर आत ठेवा; दार उघडलं की हवा लगेच बदलते, पाणी बदलत नाही. मेहुण्यानं प्रथम तापाचा थर्मामीटर ठेवला. तो पस्तिसाच्या खाली बोलायलाच तयार नव्हता. मग दुसरा आणला. सकाळी त्याचा आकडा निघाला २५.

मेकॅनिक २७१ नंबरच्या बसनं आला आणि त्यानं फ्रिजच्या पोटातून तांदळाच्या दाण्याएवढा एक काळा मणी बाहेर काढला. हाच तो सेन्सर. हा मणी जितका गार होईल तितका तो विजेला जास्त अडवतो, आणि त्या अडवणुकीवरून फ्रिज थंडी ओळखतो. म्हणजे थंडी वाढली की आकडा वाढतो! मला हे उफराटं वाटलं. पण सेल्सिअससाहेबांनी १७४२ साली आपली मोजपट्टी केली तेव्हा त्यांनीही उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठत्या पाण्याला शंभर दिले होते; ते मागाहून लोकांनी उलटे केले. शास्त्रज्ञांनाही नावे आणि जमा यांत घोटाळा होतो, हे कळून बरं वाटलं.

सेन्सर म्हणे "बारा झाले". कॉम्प्रेसर म्हणे "बरं" आणि पडून राही. आमच्या शाखेसारखंच.

"बर्फ आणा," मेकॅनिक म्हणाला. "वितळता बर्फ म्हणजे शून्य अंश. त्यात खोटं चालत नाही. फक्त खारं पाणी लागलेलं नको, त्यानं पारा आणखी खाली जातो."

मढला बर्फ म्हणजे जेट्टी. मी पिशवी घेऊन गेलो, आणि मासळीच्या टोपलीमागे बसलेल्या म्हातारीनं मला ओळखलं. मीही तिला ओळखलं. पण मी ओळखल्याचं दाखवलं नाही.

नोव्हेंबरात ती आमच्या शाखेत तीनदा आली होती. नवऱ्यामागची पेन्शन, हयातीचा दाखला. २०१४ पासून हा दाखला बोटाच्या ठशावरही निघतो. आमच्या यंत्रानं तिचं बोट काही घेतलं नाही. जाळी शिवून, मासे साफ करून बोटावरच्या रेघाच गेलेल्या. तिन्ही वेळा मी म्हटलं होतं, "मशीन घेत नाही, मावशी. पुढच्या आठवड्यात या." कागदी फॉर्म माझ्याच खणात होता. पण तो भरायचा, रजिस्टरला चढवायचा, साहेबांची सही घ्यायची आणि पुन्हा ऐकून घ्यायचं, की यंत्र असताना कागद कशाला?

"बँकवाले ना तुमी?" ती म्हणाली. "माजी पेन्शन बंद जाली. तुमच्या मशिनीत मी मेलेली हाय."

"बर्फ हवा होता," मी म्हणालो. माणूस लाजला की असंच काहीतरी बोलतो.

तिनं पिशवीत बर्फ भरला. पैसे मी विसरलो.

बर्फ धुऊन, फोडून, पाण्यात घालून मेकॅनिकनं मणी बुडवला आणि तारेच्या टोकाशी मीटर लावला. बत्तीस हजार ओहम यायला हवे होते. आले चाळीस हजार. आठ हजारांचा फरक! माझ्या टेबलावर आठ रुपयांचा फरक आला तर रात्री नऊपर्यंत घरी जाता येत नाही.

"म्हणजे सेन्सर खोटारडा," मी म्हणालो.

मेकॅनिकनं उत्तर न देता तार चाचपली. मध्ये एक सांधा होता. मढच्या खाऱ्या हवेनं त्यावर हिरवं किटण चढलेलं. त्यानं तो कापून टाकला आणि पुन्हा मोजलं. बत्तीस हजार आणि वर थोडे.

"मणी चांगला आहे," तो म्हणाला. "मशीनही चांगली आहे. मधला माणूस खराब."

तो 'सांधा'च म्हणाला असेल. मला तसं ऐकू आलं.

सोमवारी रजा टाकायची होती, ती टाकली नाही. खणातला फॉर्म काढला, साहेबांना मढची हकिगत सांगितली (बर्फाची सांगितली, माझी नाही) आणि म्हातारीला निरोप पाठवला. ती दुपारी आली. फॉर्मवर छापलेलं असतं, की सदर व्यक्तीस मी प्रत्यक्ष पाहिलं असून ती आजच्या तारखेस हयात आहे. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि सही केली. शिक्का मी मारला, जरा जोरातच. तीन महिने टेबलावर पडून असलेलं काम चार मिनिटांत झालं.

"जाली का जिवंत?" तिनं विचारलं.

"झालात, मावशी."

ती उठली, टोपली कमरेवर घेतली आणि दारापर्यंत जाऊन परत वळली.

"बर्फाचं वीस रुपये रायलं तुमचं."