गाडी झोपते कुठे?

पुण्यात कुठल्याही थांब्यावर अर्धा तास उभे राहा आणि गाड्यांच्या पाट्या वाचत बसा. फिरून फिरून चार नावे भेटतात: स्वारगेट, मनपा, डेक्कन, पुणे स्टेशन. गाडी कुठल्याही उपनगरातून निघो, तिचे माहेर या चारांपैकी एक. तिथे ती प्रवासी उतरवते, कंट्रोलरच्या खिडकीत फेरीची नोंद होते, चालक-वाहक चहाला जातात. तो चहा त्यांच्या हक्काचाच. माझा आक्षेप आहे जागेवर. शहरातल्या सर्वांत महागड्या जमिनीवर आपण गाड्या झोपवतो आणि माणसे मात्र रस्त्याच्या कडेला उन्हात उभी करतो.

हिशेब शाळकरी आहे. एका फलाटावर गाडी दहा मिनिटे थांबली, तर तासाला सहा गाड्या सुटतात. तीच गाडी दोन मिनिटांत चढ-उतार आटोपून पुढे गेली, तर तीस. गर्दीमुळे, सुट्या पैशांच्या घोळामुळे त्यातल्या निम्म्याच निघाल्या असे धरू, तरी पंधरा. म्हणजे एक चौरस फूटही जागा न वाढवता स्टँड दुपटीहून मोठा झाला. तरीही मध्यवस्तीतल्या बससोयींचा विषय निघाला की चर्चा वळते ती बहुमजली इमारतीकडे. वर दुकाने, खाली गाड्या. दुकानांचे भाडे येईलही, पण गाडी तिथे दहा मिनिटे झोपणार असेल तर वरच्या मजल्यांनी रांग तसूभर हलत नाही.

उपाय नवा नाही. कात्रजची गाडी स्वारगेटला न संपवता मध्यवस्तीतून पार करून औंधकडे न्यावी. विश्रांती, साफसफाई, चालकांची बदली हे सगळे दोन्ही टोकांना, जिथे जमीन त्या मानाने मोकळी आहे. याला जाणकारांचा एक आक्षेप असतो आणि तो खरा आहे: मार्ग लांबला की एका टोकाची कोंडी दुसऱ्या टोकाला पोचते. सातारा रस्त्यावर अडकलेल्या गाडीची वाट औंधचा माणूस का पाहील? म्हणून सगळेच मार्ग जोडून चालणार नाही. जिथे वारंवारिता मुबलक आहे, तिथेच जोडावेत. बाकीच्यांसाठी मध्यात गाड्या उभ्या करायला थोडी जागा लागेलच.

पण मध्यवस्तीतून पार जायचे तर मध्यवस्ती गाडीला वाट देणारी हवी, आणि इथे पेठा आडव्या येतात. बारा मीटरची गाडी लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीच्या खरेदीत शिरली की काय होते ते वेगळे सांगायला नको. 2021 मध्ये पीएमपीने, म्हणजे शहराच्या बससेवेने, मध्यभागात ‘पुण्यदशम’ नावाच्या छोट्या गाड्या आणल्या, दहा रुपयांत दिवसभर. गाडी रस्त्याच्या मापाची असावी, हे त्यात अचूक ओळखले होते. आता मंडई आणि कसबा पेठेत भुयारी मेट्रोची स्थानके आली आहेत, 29 सप्टेंबर 2024 पासून मेट्रो स्वारगेटपर्यंत धावते. पेठांतल्या छोट्या गाडीचे काम त्यामुळे कमी होत नाही, वाढते. जिन्यातून वर आलेल्या माणसाला रास्ता पेठेत पोचवणार कोण?

थांबा नेमका कुठे, हाही प्रश्न लहान नाही. 2006 च्या डिसेंबरात कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातला बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, पहिला प्रयोग झाला. गाडीला स्वतंत्र वाट मिळाली, पण थांबे रस्त्याच्या मधोमध. गाडीचा वेळ वाचवण्याच्या नादात प्रवाशाला प्रत्येक वेळी वाहती वाहने ओलांडायला लावली. गाडीत बसेपर्यंत तो पादचारी असतो, हे आपल्या आराखड्यांच्या फारसे ध्यानात राहत नाही.

स्टँड हलवतानाही तेच होते. शिवाजीनगरचे एसटी स्टँड मेट्रोच्या कामासाठी 2019 च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवले. नकाशावर अंतर किरकोळ. पण नाशिकहून रात्री अकराला उतरणाऱ्या, हातात पिशवी आणि कडेवर पोर असलेल्या बाईला त्या किरकोळ अंतरासाठी रिक्षावाल्याशी घासाघीस करावी लागते. एसटी, पीएमपी आणि मेट्रो एका छपराखाली आणण्याच्या गोष्टी आपण उत्साहाने करतो. मला छपरापेक्षा त्यांच्यामधल्या शेवटच्या दोनशे पावलांची जास्त काळजी वाटते. तिथे दिवा आहे का, पायरी किती उंच आहे, स्वच्छतागृह उघडे आहे का आणि तान्ह्या बाळांच्या आयांसाठी असलेल्या हिरकणी कक्षाची किल्ली कुणाकडे असते?

आणखी एक गोष्ट, अगदी स्वस्तातली. शिवाजी रस्ता एकेरी, स्वारगेटकडे जाणारा; बाजीराव रस्ता एकेरी, शनिवारवाड्याकडे येणारा. म्हणजे जिथे उतरलो तिथून परतीची गाडी मिळणारच नाही. जन्माच्या पुणेकराला हे ठाऊक असते, इतके की दुसऱ्याला ठाऊक नसेल असे त्याच्या मनातही येत नाही. मंडईत साताऱ्याहून आलेले एक आजोबा उतरल्या जागीच, विजेच्या खांबासारखे निश्चल, परतीच्या गाडीसाठी उभे असलेले मी पाहिले आहेत. थांब्यावर मार्गांचे क्रमांक होते, नगरसेवकांचे नाव तर दुरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत होते. ‘परतीची गाडी बाजीराव रस्त्यावर, या बोळाने जा’ एवढी ओळ आणि एक बाण मावेल इतकी जागा त्या पत्र्यावर अजून शिल्लक होती.