तग धरणारे आणि न धरू शकलेले



एखादा माणूस मोठ्या संकटातून सावरला की आपण म्हणतो, "जिद्दीचा माणूस!" आणि पाऊस दगा देतो, कापूस हातचा जातो, कर्ज डोईजड होते आणि एखादा शेतकरी जीव देतो, तेव्हा दहाव्याला जमलेल्यांत कोणीतरी हळूच म्हणते, "मनाने कच्चा होता." ही दोन्ही वाक्ये एकाच समजुतीतून येतात. तगणे किंवा मोडणे हे ज्याच्या त्याच्या इच्छाशक्तीवर अवलंबून असते, अशी ती समजूत आहे. ती खरी आहे का?

आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली एक हकिकत पाहू. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून हिटलरच्या आणि पूर्वेकडून रशियाच्या फौजा चालून आल्या. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तान अशा दूरच्या भागांत नेण्यात आले. त्यांत बहुतेक कॅथलिक कुटुंबे होती. कडाक्याची थंडी, जंगलतोडीचे काम आणि कामाच्या मापाने मिळणारा पावाचा तुकडा, असे त्यांचे दिवस गेले. आई आपल्या वाट्याचा तुकडा मुलांना द्यायची, हे त्या लोकांच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येते.

जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला. त्यानंतर करार होऊन या लोकांची सुटका झाली. हजारो मैल दक्षिणेकडे ते मिळेल त्या मार्गाने निघाले. टायफसने व हगवणीने वाटेत असंख्य माणसे दगावली. १९४२ साली एक लाखाहून अधिक पोलिश सैनिक व नागरिक इराणला पोहोचले. किनाऱ्याला लागल्यावरही शेकडो जण मेले. त्यांच्या कबरी तिथे आहेत. वाचलेल्यांपैकी सुमारे ५,००० जण, मुख्यतः स्त्रिया आणि मुले, १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे राहिले. तिथे त्यांचे चर्च होते, शाळा होत्या. १९४८ मध्ये छावणी बंद झाली. पुढे फाळणीत घर गमावलेल्या सिंधी बांधवांना त्याच जागेने आसरा दिला.

आता विचार करा. वळिवड्याला पोहोचलेली आई आणि वाटेत गेलेली आई यांच्या जिद्दीत फरक होता का? दोघींनी पोटाला चिमटा घेतला, दोघींनी प्रार्थना केली. एकीला ताप आला, एकीला नाही. वाचलेलीलाही केवळ स्वतःच्या बळाने वाचता आले नाही. दार उघडावे लागले, जहाज मिळावे लागले आणि परक्या मुलखात कोणीतरी "या" म्हणावे लागले. तरणे हेच इच्छाशक्तीचे माप मानले, तर गेलेले सगळे कमी पडले असे म्हणावे लागेल. तो मृतांवर अन्याय आहे.

मग इच्छाशक्तीला काहीच अर्थ नाही का? आहे. संत मॅक्सिमिलियन कोल्बे हे पोलंडचेच फ्रान्सिस्कन धर्मगुरू. जुलै १९४१ च्या अखेरीस आउश्वित्झच्या छळछावणीतून एक कैदी निसटला, म्हणून दहा जणांना उपाशी मारण्याची शिक्षा झाली. त्यांतील एकाने बायकामुलांच्या नावाने टाहो फोडला, तेव्हा फादर कोल्बे पुढे आले आणि त्याच्या जागी गेले. सुमारे दोन आठवड्यांनी, १४ ऑगस्टला, विषारी इंजेक्शन देऊन त्यांना मारण्यात आले. १० ऑक्टोबर १९८२ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संतपद जाहीर केले, तेव्हा तो वाचलेला माणूस तिथे हजर होता.

जगण्याच्या हिशेबाने पाहिले तर फादर कोल्बे हरले. तरी त्यांच्या इच्छाशक्तीला दुर्बल कोण म्हणेल? आपण जगू की नाही हे पुष्कळदा आपल्या हाती नसते. कोणासाठी जगावे हे मात्र ठरवता येते.

आणि हे ठरवायलाही सोबत लागते. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने आपल्या तीन शिष्यांना जागे राहायला सांगितले. त्याला माणसे जवळ हवी होती. ती झोपी गेली. क्रूसाच्या वाटेवर कुरेनेकर शिमोनाने त्याचा क्रूस उचलला. देवाच्या पुत्राने मदत घेण्यात कमीपणा मानला नाही. मग आपल्या माणसाने "आता सोसवत नाही" म्हटले, तर त्याला आपण दुबळा कसे ठरवावे?

ज्यांनी स्वतःचा जीव घेतला त्यांच्याविषयीही ख्रिस्तसभा निराश होत नाही. जीवन ही देवाची ठेव आहे, ती आपण मोडू नये, हे ती ठामपणे शिकवते. पण तीव्र मानसिक यातना आणि भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, त्याच्या तारणाची आशा सोडू नये, असेही तिच्या धर्मशिक्षणग्रंथात सांगितले आहे. ती त्यांच्यासाठी प्रार्थना करते. आपणही दहाव्याला न्यायनिवाडा न करता प्रार्थनाच करावी.

आणि दहाव्यापर्यंत थांबू नये. आपल्या धर्मग्रामात मिस्साला यायचा थांबलेला, पारावर न दिसणारा, बोलणे तोडलेला कोणी असेल, तर या आठवड्यात त्याच्या घरी जावे. "धीर धर" एवढेच सांगून परतू नये. सोबत बसावे, सावकाराचा किंवा बँकेचा कागद असेल तर मिळून वाचावा, गरज वाटली तर डॉक्टरकडे त्याच्याबरोबर जावे. आपल्या बसण्याने त्याचे कर्ज फिटणार नाही. पण त्याचा क्रूस काही पावले तरी दोन खांद्यांवर राहील.

हे प्रभो, तुझ्या बागेत आम्ही झोपलो. आमच्या शेजाऱ्याच्या अंगणात तरी आम्हाला जागे ठेव. आमेन.