बुधवारचा पहिला प्रश्न

रिसोड तालुक्यातल्या एका गावात नवा शेतकरी गट उभा राहिला. एक काका सोडले तर सगळी तरुण पोरं, सगळ्यांचं सोयाबीन. पहिल्याच बैठकीत त्यांनी अख्खा हंगाम कागदावर मांडला: 15 जूनला पेरणी, 5 जुलैला डवरणी, पुढे फवारण्यांच्या तारखा. तक्ता समाजमंदिराच्या भिंतीवर लागला.

शिकवायला आलेल्या ताई कृषी पदवीधर. मधली काही वर्षं त्यांनी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काढली होती. तिथल्या अजाईल पद्धतीचा जाहीरनामा 2001 साली अमेरिकेत 17 जणांनी लिहिला. आखलेल्या बेतापेक्षा बदलत्या परिस्थितीप्रमाणे वागणं मोलाचं, हे त्यातलं एक सूत्र. पण ताईंनी तो शब्द गावात काढलाच नाही. त्याहून जुनी वाट गावाच्या ओळखीची होती. इंडोनेशियाच्या भातशेतीत 1989 साली सुरू झालेली शेतीशाळा राज्य सरकारच्या पोकरा या शेती प्रकल्पातून वाशीम जिल्ह्यात आली होती. ठरावीक दिवशी वावरात जायचं, झाडं तपासायची आणि मगच पुढचं ठरवायचं.

तारखांचा हट्ट लवकर सुटला. 15 जूनला जमिनीत ओल नव्हती, म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबले. घरच्या बियाण्याचे 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवले, तर 62 उगवले. 70 च्या खाली, म्हणून एकरी 30 किलोचं प्रमाण वाढवलं.

दर बुधवारी ताई विचारत, "ठरलेलं काम झालं का?" सगळे म्हणत, "झालं." सर्वांत लहान पोराचं उत्तर सगळ्यांच्या आधी यायचं. जुलैअखेर गट त्याच्या वावरात उतरला, तेव्हा जागोजागी शेंडे वाळलेले आणि देठांवर दोन-दोन गोल खाचा दिसल्या. चक्रीभुंगा. पोराला तो पंधरा दिवसांपासून ठाऊक होता.

गटप्रमुख भडकला. पोरगं मान खाली घालून म्हणालं, "मले वाटलं, सांगतलं तर सारे हासतीन."

नव्या गटाला शिकवणारे बहुतेक जण इथेच चुकतात. फळा, तक्ता, बैठकीची वेळ, सगळं शिकवतात; पण वाईट बातमी निर्धास्तपणे सांगता यावी अशी जागा ठेवत नाहीत. मग दर आठवड्याची बैठक म्हणजे नुसती हजेरी होते.

ताईंना ते कळलं. पोराला त्यांनी बोल लावला नाही. "आजपासून प्रश्न बदलला," त्या म्हणाल्या. "या आठवड्यात काय बिघडलं? आणि आधी मोठ्यांनी सांगायचं."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग काका म्हणाले, "माह्या वावरात खोडमाशी हाय. म्याबी नाही सांगतलं."

त्यामागून आणखी तिघे बोलले. त्याच दिवशी सगळ्यांनी मिळून किडके शेंडे खुडून नष्ट केले. फवारणीची तारीख तक्त्यावरून ठरली नाही. झाडं मोजली, नुकसानीची पातळी ओलांडलेल्या वावरांतच फवारलं, बाकीच्यांचा खर्च वाचला. पुढच्या बुधवारी गटप्रमुखानेच आधी सांगितलं, की त्याची डवरणी राहून गेली आहे. संध्याकाळपर्यंत दोघे जण आपले बैल घेऊन त्याच्या वावरात हजर होते.

पुढच्या वर्षी शेजारच्या गावात नवा गट झाला. त्यांना शिकवायला या गटाने त्या लहान पोरालाच पाठवलं.