चोरवाटेचा अभ्यास

पोहायला शिकायचं तर पाण्यात पडावं लागतं, सायकल शिकायची तर सायकलवरून पडावं लागतं; पण चोराची वाट ओळखायला शिकायचं तर काय करावं लागतं, याचं सभ्य उत्तर आमच्या पिढीला कुणी दिलं नाही. आमच्या भाच्याला ते मिळालं आहे. भाचेबुवा राहतात शिरूर तालुक्यातल्या निमोण्यात, शिकतात संगणक, आणि गेले सहा महिने अभ्यास करतात तो दुसऱ्याच्या यंत्रात कसं शिरावं याचा. या विद्येला 'पेनिट्रेशन टेस्टिंग' असं भारदस्त नाव आहे. आमची ताई नावाला फसली नाही. "दादा, पोरगं घरफोडी शिकतंय. आणि तीही फुकट!"

फुकट हे मात्र खरं. आधी दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात कशी ते समजून घ्यायचं, मग लिनक्स शिकायचं. 'वायरशार्क' ते बोलणं उलगडून दाखवतं. 'एनमॅप' कुठलं दार उघडं आहे ते बाहेरून टकटक करून सांगतं. 'बँडिट' नावाचा एक खेळ आहे. त्यात प्रत्येक पायरीवर पुढच्या पायरीचा परवलीचा शब्द हुडकायचा. आणि सरावाला 'वेबगोट', म्हणजे मुद्दाम भोकं ठेवून बनवलेला कार्यक्रम. ही शेळी कुणीही, कितीही पिळावी. मालक काठी घेऊन येत नाही. ती बांधलीय त्याचसाठी.

तुम्ही म्हणाल, असलं काही शिकवावंच कशाला? तर २०१८ सालच्या ऑगस्टची ११ आणि १३ तारीख आठवा. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यांतला मोठा हिस्सा २८ देशांतल्या एटीएममधून. ना भिंत फुटली, ना कुत्रं भुंकलं. चोरांनी खऱ्या मुनिमाच्या अलीकडे एक खोटा मुनीम बसवला, आणि तो येणाऱ्या प्रत्येक कार्डाला 'द्या' म्हणत राहिला. चोर शिकलेले असताना राखणदार अडाणी ठेवणं, ही काही नीती नव्हे.

आपल्याकडे ही गोष्ट फार आधी कळली होती. रायगड बांधून झाल्यावर शिवाजी महाराजांनी म्हणे जाहीर केलं, की ठरलेली वाट सोडून, दोर-शिडी न लावता जो वर येईल त्याला होनांची थैली आणि सोन्याचं कडं. एक जण चढला. महाराजांनी बक्षीस दिलं आणि त्या वाटेचा बंदोबस्त केला. दूध विकायला आलेल्या हिरकणीची कथाही तशीच. ती तर परवानगीवाचून कडा उतरली; पण विचारल्यावर वाट लपवली नाही. तिला चोळीबांगडी मिळाली, कड्याला बुरूज मिळाला.

आजचा कायदा मात्र हिरकणीलाही आधी परवानगी विचारील. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात मालकाला न विचारता यंत्रात शिरलात तर भरपाई द्यावी लागते. लबाडीने शिरलात तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे विद्या तीच, बोटं तीच. साव आणि चोर यांच्यामध्ये उंबरठा फक्त विचारण्याचा.

या उंबरठ्यावर भाचा मध्यंतरी अडला. दूध घालायला गेला, तर केंद्रातल्या संगणकावर परवलीचा शब्द ठळक अक्षरांत लिहून चिकटवलेला. आत शंभर घरांचा हिशेब आणि बँकेचे खाते नंबर. सहा महिन्यांची विद्या वाया, कारण हा कडा चढायला नुसती वाचता येण्याची अट!

"मामा, सांगू का? सांगितलं तर मलाच चोर म्हणतील. नाही सांगितलं तर कुणीतरी वाचेल."

"सांग," मी म्हणालो.

त्याने सांगितलं. चेअरमन म्हणाले, "तू ते वाचलंसच का?"

चोरवाट दाखवणाऱ्याचा राग येणं हा मनुष्यस्वभाव आहे. रायगडावर तो आवरला गेला, म्हणून त्याची गोष्ट झाली. पोरांना शिकवणारे धडे पुष्कळ आहेत. ऐकून घ्यायला शिकवणारा एकही फुकट मिळत नाही. पण चेअरमन माणूस भला. आठ दिवसांनी कागद काढला, शब्द बदलला, आणि निरोप धाडला, "पोरा, बाकीचंही जरा बघून दे."

भाच्याने उलट निरोप दिला, "बघतो. फक्त तेवढं लेखी द्या. तारीख आणि शिक्क्यासकट."

तेव्हापासून ताई त्या अभ्यासाला घरफोडी म्हणत नाही.